तीनदा घसरलेली फळी

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. समुद्राच्या लाटेवर उभे राहून घसरत जाण्यासाठी एक फळी बनवायची आहे. लाट अतिशय वेगवान आहे. मग फळी कशी असावी? बहुतेक विद्यार्थी सांगतील, की फळीही वेगवान हवी. ती हलकी हवी, पाण्यावर चांगली उचलली जावी म्हणून सपाट आणि रुंद हवी. उत्तर तर्काला धरून आहे. गंमत अशी, की गेल्या शतकात जाणत्या लोकांनीही हेच उत्तर निदान तीन वेळा दिले आणि तिन्ही वेळा फळी शेपटीकडून घसरली. या तीन घसरणींचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. तो एका खेळाच्या साधनाचा इतिहास आहे हे खरे, पण प्रयोग, चूक आणि दुरुस्ती यांतून ज्ञान कसे वाढते याचा तो एक सुबक नमुनाही आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या, म्हणजे लाटेवर स्वार होण्याच्या, स्पर्धा पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ताहिती बेटावरील तेआहुपो येथे झाल्या. त्या वेळी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल, की लाटेचा माथा कमानीसारखा पुढे फेकला जातो, खाली पाण्याचा एक बोगदा तयार होतो, आणि खेळाडू त्या बोगद्यातून सरळ उभा बाहेर येतो. या लाटेला 'पोकळ लाट' म्हणतात. तिच्याखाली काही हातांवर धारदार प्रवाळ असते. तेथे फळी घसरली तर केवळ गुण जात नाहीत. माणूस प्रवाळावर आपटतो. म्हणून फळीच्या आकाराचा प्रश्न तेथे हौसेचा राहत नाही.

लाट पोकळ का होते?

प्रथम लाटेचे शास्त्र थोडे पाहू. दूरच्या वादळातून निघालेली लाट उथळ पाण्यात आली की तिला तळ जाणवू लागतो. अशा पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खोली मीटरमध्ये घेऊन तिला ९.८ ने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे, म्हणजे सेकंदाला किती मीटर ते मिळते. खोली ३ मीटर असेल तर वेग येतो सुमारे ५.४ मीटर, म्हणजेच ताशी १९-२० किलोमीटर. खोली कमी होत गेली की लाट मंदावते, तिची लांबी आखडते आणि उंची वाढते. उंची खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट फुटते.

पण कशी फुटते, हे तळाच्या उतारावर अवलंबून असते. मुंबईजवळ पश्चिम किनाऱ्याचा उथळ तळ समुद्रात कित्येक मैल पसरलेला आहे. लाटेची शक्ती त्या तळावर घासून हळूहळू खर्ची पडते, आणि आपल्या सपाट पुळणींवर लाटेच्या माथ्यावरून नुसता फेस ओघळतो. हवाई, ताहिती ही ज्वालामुखीतून उभी राहिलेली बेटे. त्यांच्याभोवती असा रुंद उथळ तळ नाही. खोल समुद्रातून आलेली लाट जवळजवळ सगळी शक्ती घेऊन एकाएकी खडकाच्या पायरीवर येते. लाटेचा पायथा अडतो, माथा मात्र आपल्या वेगाने पुढे झेपावतो आणि पोकळी तयार होते. त्याच वेळी पायथ्याचे पाणी लाटेच्या अंगावरून जोराने वर ओढले जाते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. फळीची सारी अडचण तिच्यातच आहे.

आता वेग. लाट एकाच क्षणी सबंध लांबीभर फुटत नाही. फुटण्याचा बिंदू माथ्यावरून एका बाजूला सरकत जातो. खेळाडूला या बिंदूच्या पुढे राहावे लागते. लाटेचा माथा आणि तो बिंदू ज्या मार्गाने सरकतो तो मार्ग, यांच्यातील कोनाच्या साइनने लाटेच्या वेगाला भागले, की खेळाडूला लागणारा वेग मिळतो. कोन ६० अंशांचा असेल तर आपल्या ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या लाटेवर खेळाडूला ताशी साडेबावीस किलोमीटरचा वेग पुरतो. तोच कोन ३० अंशांचा झाला की ताशी ३९ किलोमीटर लागतात. कोन शून्याकडे गेला की लागणारा वेग अनंताकडे जातो, म्हणजे लाट एकदम कोसळते आणि कोणतीही फळी उपयोगी पडत नाही. त्रिकोणमितीच्या तासाला हे गणित जरूर घ्यावे.

दोन लाटा, दोन फळ्या

हवाई बेटांवरील लोक पूर्वापार लाटांवर स्वार होत आले. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या लोकांच्या फळ्या एकाच प्रकारच्या नव्हत्या. 'ओलो' ही लांब, जाड फळी सरदार-घराण्यांतील लोकांची. न फुटता फुगत येणाऱ्या संथ लाटेवर ती चाले. 'अलाइआ' ही आखूड आणि पातळ, बहुधा कोआ नावाच्या लाकडाची. वळून फुटणाऱ्या, धोक्याच्या लाटेवर ती वापरत. म्हणजे लाट बदलली की फळी बदलावी, हे मूळ तत्त्व तेथे फार पूर्वीच ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या भयंकर घटली. जुने जीवन मोडले आणि हा खेळही जवळजवळ विसरला गेला. जुन्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जाऊन पडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी खेळ पुन्हा रुजला तो मुख्यतः वायकीकीच्या सौम्य लाटांवर. तेथे कॅलिफोर्नियातील रेडवूडच्या जाड, सपाट, रुंद शेपटीच्या फळ्या छान चालत. त्यांचे वजन तीस किलो किंवा त्याहूनही जास्त असे. त्यांच्या तळाला पर नसे. पाय पाण्यात घालून दिशा बदलायची.

पहिली घसरण : १९३७

होनोलुलूजवळ डायमंड हेड नावाचा डोंगर आहे. १९३७ साली जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ हे तरुण तेथल्या मोठ्या, उभ्या लाटांवर गेले. फळी लाटेच्या अंगावर तिरपी धरली, की तिची रुंद शेपटी सुटे, फळी आडवी फिरे आणि माणूस पाण्यात. असे पुन्हा पुन्हा झाले.

केली यांनी घरी जाऊन कुऱ्हाड घेतली आणि हीथ यांच्या फळीची शेपटी दोन्ही बाजूंनी तासून टाकली. शेपटी पाचेक इंच रुंद उरली. तळाचा मागचा भाग होडीच्या तळासारखा दोन्हीकडे उतरता केला. वार्निश सुकताच फळी पुन्हा पाण्यात गेली, आणि ती घसरली नाही. उभ्या लाटेच्या वळणापाशी नेणारी म्हणून या फळीला 'हॉट कर्ल' असे नाव पडले. अशा फळ्या घेऊन ही मंडळी पुढे ओआहू बेटाच्या पश्चिमेला माकाहाच्या मोठ्या लाटांवर जाऊ लागली.

कुऱ्हाडीने नेमके काय साधले? रुंद, सपाट शेपटी वेगात पाण्यावर उचलली जाते. सौम्य लाटेवर तेच हवे असते. पण उभ्या लाटेवर वेग भरपूर असतो आणि पाणी खालून वर ओढले जात असते. तेथे उचललेल्या शेपटीला धरायला काही उरत नाही. शेपटी अरुंद केली की ती कमी उचलली जाते, पाण्यात बुडते, आणि फळीची कड लाटेत रुतून राहते.

तळाच्या गोलाईचे महत्त्व समजण्यासाठी स्वयंपाकघरातील चमचा पुरे. नळाची धार सोडावी. चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला लावावी. चमचा दूर ढकलला जाईल असे वाटते, पण तो धारेकडे ओढला जातो. पाणी फुगीर पाठीला चिकटून वळते, म्हणजे चमचा पाण्याला एका बाजूला वळवतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणी चमच्याला उलट बाजूला ओढते. आता चमच्याऐवजी टोकदार कडेची पट्टी धरा. कडेपाशी पाणी वळत नाही, सुटून जाते. फळी घडवणाऱ्याच्या हातात ही दोन साधने असतात : गोल कड पाण्याला धरते, तीक्ष्ण कड पाण्याला सोडते. कोठे धरायचे आणि कोठे सोडायचे, हे ठरवणे म्हणजे त्याची कला.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर दोनच वर्षे आधी दिले गेले होते. १९३५ साली टॉम ब्लेक यांनी टाकून दिलेल्या एका मोटारबोटीच्या तळाचा धातूचा कणा काढून आपल्या फळीच्या शेपटीखाली बसवला. सर्फिंगच्या फळीला बसलेला हा पहिला पर. ब्लेक यांनी बिशप संग्रहालयातील जुन्या फळ्यांचा अभ्यास केला होता आणि आतून पोकळ, हलक्या फळीचे पेटंट १९३२ साली घेतले होते. पण पराचा प्रसार व्हायला दशकभर लागले. हॉट कर्लवाल्यांनी पराविनाच काम भागवले. त्यांच्या फळीचा एक दोष मात्र होता : ती धरून राही, पण चपळपणे वळत नसे. धरणे आणि वळणे यांतील ही ओढाताण पुढच्या साऱ्या इतिहासात दिसते.

हलकेपणाचा मोह

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि रेझिन सहज मिळू लागले. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडावर त्यांचे आवरण चढवले, की दहा-बारा किलोंची फळी होई. कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स यांनी यात पुढाकार घेतला. ते अभियांत्रिकी शिकलेले होते. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटींच्या तळांवर लिंडसे लॉर्ड यांनी १९४६ साली लिहिलेले पुस्तक त्यांनी अभ्यासले आणि त्यातील तत्त्वे फळीला लावली. त्यांच्या फळ्या रुंद शेपटीच्या आणि फार वेगवान होत्या. सिमन्स १९५४ साली लाटेवर असतानाच मरण पावले. पुढे १९५८ साली होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्साच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणला. आता फोमचा तयार ठोकळा घ्यायचा, रंध्याने आणि कानशीने घडवायचा आणि वर काचतंतूंचे कवच चढवायचे. फळी घडवणे आठवड्यांचे नव्हे, दिवसांचे काम झाले. जितके काम सोपे, तितके प्रयोग अधिक.

हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र अरुंद शेपटीच शिल्लक राहिली. मोठ्या लाटांसाठी तेथे लांब, टोकदार फळ्या बनत. मोठ्या शिकारीला मोठी बंदूक, म्हणून त्यांना 'गन' म्हणू लागले. १९६१ च्या डिसेंबरमध्ये फिल एडवर्ड्स याच किनाऱ्यावरील पाइपलाइन नावाच्या लाटेवर स्वार झाले. तोपर्यंत ती लाट अशक्य मानली जात असे. या लाटेने नवा प्रश्न विचारला. तिचा चढ इतका वळलेला, की तीन मीटर लांबीची सरळ फळी त्यावर टेकतच नाही. कढईत एक सरळ पट्टी ठेवून पाहावे. ती फक्त दोन टोकांवर टेकते. त्याऐवजी आखूड पट्टी, किंवा कढईच्या वळणाप्रमाणे वाकवलेली पट्टी, नीट बसते. म्हणजे पोकळ लाटेसाठी फळी आखूड हवी आणि तिच्या तळाला नाकापासून शेपटीपर्यंत बाक हवा. बाक कमी पडला तर नाक पाण्यात खुपसते.

दुसरी घसरण : १९६७

फळी आखूड करण्याची मोठी लाट आली ती ऑस्ट्रेलियातून. बॉब मॅकटॅव्हिश यांनी १९६७ साली आखूड, रुंद शेपटीच्या आणि तळाला खोल उतार असलेल्या फळ्या बनवल्या. त्या विलक्षण चपळ होत्या. त्या वर्षाच्या शेवटी ही मंडळी फळ्या घेऊन हवाईत आली. ओआहूच्या सनसेट बीचवरील जोरदार लाटांवर त्या रुंद शेपट्या सुटल्या. अगदी १९३७ सारख्याच! पण त्याच दिवसांत शेजारच्या माउई बेटावर, होनोलुआ उपसागराच्या सुबक लाटांवर, त्याच प्रकारच्या फळ्यांनी पाहणाऱ्यांना थक्क केले.

या दोन निकालांतून काय निष्कर्ष काढावा? एकजण म्हणेल, फळी वाईट. दुसरा म्हणेल, फळी उत्तम. हवाईचे कारागीर डिक ब्रूअर यांनी दोन्ही बाजू एकत्र आणल्या. ऑस्ट्रेलियाची आखूड लांबी घेतली आणि हवाईची टोकदार शेपटी ठेवली. अशा फळ्यांवर १९७० च्या दशकात जेरी लोपेझ पाइपलाइनच्या पोटात इतके शांतपणे उभे राहू लागले, की पाहणाऱ्याला ते सोपे वाटावे. लोपेझ स्वतःही फळ्या घडवत. लाट वेग देतेच. फळीने तो वेग निर्माण करायचा नसून त्यात टिकून राहायचे आहे, हे तत्त्व त्यांच्या उभे राहण्यातच दिसत होते.

तिसरी घसरण आणि तिसरा पर

यानंतर दहा वर्षांनी पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियाचे मार्क रिचर्ड्स यांनी रुंद शेपटी आणि दोन पर असलेली फळी सुधारली आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जगज्जेतेपद मिळवले. लहान लाटांवर तिला तोड नव्हती. साहजिकच सगळे तिच्यामागे लागले. पण लाट मोठी आणि उभी झाली, की दोन परांची शेपटी सुटे. खुद्द रिचर्ड्सही हवाईच्या मोठ्या लाटांवर एका पराची फळी नेत.

सिडनीजवळच्या नाराबीनचे सायमन अँडरसन हे उंच, धिप्पाड खेळाडू आणि कारागीर. त्यांच्या वजनाला दोन परांची फळी मुळीच आवरत नसे. १९८० च्या अखेरीस एका मित्राच्या फळीवर दोन परांच्या मागे बसवलेला छोटा तिसरा पर त्यांनी पाहिला आणि आपल्या फळीला तिन्ही पर सारख्या आकाराचे लावले. बाजूचे दोन पर कडेजवळ, किंचित आत वळवलेले. तिसरा मध्यावर, मागे. फळी कडेवर कलली की कडेचा पर पाण्यात खोल जातो आणि मागचा शेपटीला आवरतो. १९८१ च्या ईस्टरला बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाइपलाइनवर अँडरसन यांनी या फळीवर स्पर्धा जिंकल्या. तिचे नाव 'थ्रस्टर'. काही वर्षांत जगभर तीन परच नेहमीचे झाले. अँडरसन यांनी त्याचे पेटंट घेतले नाही.

आजची मापे

आज पोकळ, वेगवान लाटेसाठी खास फळी बनवून घेताना या तिन्ही धड्यांची बेरीज होते. कारागीर आधी ग्राहकाचे वजन, उंची, सराव आणि मुख्यतः लाट कोणती, हे विचारतो. मग नेहमीच्या फळीपेक्षा लांबी काही इंचांनी वाढवतो, कारण वेगवान लाट लवकर पकडावी लागते. रुंदी पाव-अर्धा इंच कमी करतो. शेपटी गोलसर टोकदार घेतो. नाकाला आणि शेपटीला बाक थोडा जास्त देतो. कडा पुढे मऊ ठेवून शेपटीजवळ तीक्ष्ण करतो. तीन पर ठेवतोच. यातली प्रत्येक वाढ कशाच्या तरी मोबदल्यात येते. बाक वाढवला की सपाट पाण्यात वेग घटतो. शेपटी अरुंद केली की लहान लाटेवर फळी जड वाटते. म्हणून 'उत्तम फळी' असे काही नसते. अमुक माणसासाठी, अमुक लाटेसाठी उत्तम, एवढेच म्हणता येते.

ही मापे आता संगणकावर आखता येतात आणि यंत्र फोमचा ठोकळा मिलिमीटरच्या अचूकतेने कापते. तरी शेवटचा हात बहुधा माणसाचाच फिरतो. २००५ च्या डिसेंबरमध्ये क्लार्क यांनी आपला फोमचा कारखाना अचानक बंद केला. अमेरिकेतील बहुतेक कारागिरांना ठोकळे तेथूनच मिळत, त्यामुळे धंद्यात हाहाकार उडाला. पण फळ्या बनणे थांबले नाही. लोक दुसऱ्या फोमकडे, दुसऱ्या रेझिनकडे वळले. सामान गेले तरी ज्ञान टिकले, कारण ते असंख्य हातांत वाटलेले होते. याउलट एकोणिसाव्या शतकात हवाईत सामान उरले, फळ्या संग्रहालयात सुरक्षित होत्या. पण त्या वापरणारे हात नाहीसे झाले होते, आणि कोणती फळी कोणत्या लाटेसाठी, हा साधा धडा पुन्हा कुऱ्हाडीने शिकावा लागला.

शिक्षकांना यातून काय घेता येईल? आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की प्रयोग चुकला तर तो पुन्हा करावा. पण हा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. १९६७ आणि १९८० साली घसरलेल्या फळ्या चुकीच्या नव्हत्या. एका लाटेवर तपासलेले उत्तर दुसऱ्या लाटेला तसेच लावले, ही चूक होती. एखादे सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्याला आपण 'हे केव्हा लागू पडते?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या फळीची शेपटीच तपासत असतो. तेव्हा सुरुवातीचा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. 'हलकी, रुंद, वेगवान' असे उत्तर आले तर ते खोडू नये. फक्त नळ सोडावा, चमचा हातात द्यावा आणि विचारावे : लाट कोणती?